अंड्यांवरची खूण

४ मार्च

काळीनं अंडी घातली! सकाळी कप्पा ओढला तर बाई वेटोळं घालून बसलेली आणि वेटोळ्याखाली काहीतरी पांढरं. सहा आहेत. सगळी एकमेकांना चिकटलेली. काळी एरवी गरीब, हात लावला की डोकं आत घालून चेंडू होणारी. पण अंड्यांवर बसली की तिचंही डोकं फिरतं. तिच्या तोंडावर फडकं टाकून एकेक वेढा सोडवला. हाताला एकदा धडक बसली. बसू दे.

ऊबेच्या पेटीत हलवायच्या आधी पेन्सिल. कोंबडीचं अंडं कसंही फिरवा, अजगराचं नाही. आतला जीव वरच्या बाजूला धरून वाढतो, अंडं उलटलं की तो आतल्या आत बुडतो. म्हणून जसं पडलंय तसंच उचलायचं, तसंच ठेवायचं, आणि चूक होऊ नये म्हणून प्रत्येकावर वरच्या बाजूला एक आडवी रेघ. पेनानं नाही, शाई आत उतरते. सहाही रेघा सरळ आल्या, फूटपट्टी लावल्यासारख्या. मन शांत झालं. का, ते इथे लिहीत नाही.

ही दारात येऊन उभी राहिली. "सुटली का बाळंतीण?" एवढं विचारून गेली. आत पाऊल नाही. साप घरात आले त्या दिवशी म्हणाली होती, या उंबऱ्याच्या आत मी येणार नाही, आणि शब्दाची पक्की आहे. खोली झाडायची मी, पुसायची मी, उंदरांचा छोटा फ्रीजही वेगळा. लग्नात बाकी सगळं कबूल केलं होतं, हे नव्हतं — असं तिचं म्हणणं. बरोबरच आहे.

नंतर काळीला कोमट पाण्यानं धुतलं, तिचा कप्पा साबणानं घासला. अंड्यांचा वास राहिला तर ती रिकाम्या कागदाभोवती वेटोळं घालून बसते, खात नाही, वाळत जाते. वास गेला की विसरते. चार दिवसांत उंदीर मागेल. बरं आहे यांचं.

६ मार्च

दुकानात एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू हातातून निसटला. फरशीवर टिक् करून गेला तो गेलाच. गुडघ्यांवर रांगत शोधला. चष्म्याच्या धंद्यात स्क्रू पडतातच — रोज पडतात, सगळ्यांच्या हातून पडतात. लिहायची गरज नव्हती.

१० मार्च

पेट्रोलपंपवाला आला. तीन वर्षांपूर्वी डुल्याचा, म्हणजे काळीच्या या अंड्यांच्या बापाचा, एक मुलगा नेला होता यानं. आता त्याची पिल्लं निघालीत आणि साहेब तक्रार घेऊन हजर! दोन पिल्लं मान डोलवतात म्हणे. म्हणतो कसा, माझा नर तर अजिबात डोलत नाही, मग हे आलं कुठून? मादीचाच दोष असणार.

त्याला बसवून सांगितलं. डुल्याच्या अंगावरची ती नक्षी — सोनेरी अंगावर काळ्या बारीक रेघांचं जाळं, जिच्यासाठी लोक जीव टाकतात — ती आणि मान डोलणं एकाच गुणातून येतात. नक्षी हवी तर डोलणं पदरात घ्यायचं. निम्म्या पिल्लांत गुण उतरतो, निम्मी साधी निघतात. ज्यात उतरतो त्यातलं एखादं इतकं कमी डोलतं की मालकाला वर्षानुवर्षं दिसत नाही, आणि एखादं गिरमिटासारखं फिरतं. पण हा गुण एक पिढी लपून दुसरीत निघत नाही. मादी साधी असेल तर पिल्लू डोललं म्हणजे बापात आहेच. "आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?" असं म्हटलं त्याला. हसला, पटलं त्याला. जाताना म्हणाला, आता सावकारिणीवर डुल्याला सोडा, त्यातली नक्षीची पिल्लं सगळी माझी.

सावकारीण म्हणजे माझी दुसरी मादी. उंदीर घेते, अंडी देत नाही, म्हणून हे नाव. थंडीत तिला साध्या तपकिरी नराजवळ ठेवलं होतं. बघू म्हटलं. डुल्याला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. खातो, पितो, जोडीला जातो. मान डोलते तर डोलते.

१७ मार्च, रविवार

ठकी आणि जावई जेवायला आले होते. तीस वर्षांची झाली तरी आम्हाला ती ठकीच. जेवताना बोलत नव्हती. मला वाटलं दोघांचं भांडण झालंय. हात धुऊन झाल्यावर ती माझ्यामागे सापांच्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं.

त्यांना मूल हवंय. पण त्याआधी तिला कळायला हवंय की तो अंग आपोआप हलत राहण्याचा आजार तिच्यात आहे का. माझ्या आईला होता, दादाला आहे. रक्ताची तपासणी असते हे मला माहीत नाही असं नाही. दादाचं निदान झालं तेव्हाच डॉक्टर मलाही म्हणाले होते, आणि मी गोड बोलून कटवलं होतं. ठकी एका डॉक्टरीणबाईंना भेटून आली. त्या म्हणाल्या, तपासणी करू, पण आधी वडिलांशी बोला. कारण तुमच्यात निघाला, तर तो त्यांच्यात आहे हे न तपासताच ठरतं.

"नाही निघाला तर तुमचं काहीच कळणार नाही, बाबा. तुमच्यात असेल किंवा नसेल. पण निघाला तर —"

पुढचं बोलायची गरज नव्हती. मागच्या रविवारी पेट्रोलपंपवाल्याला मीच शिकवत होतो ना!

मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती म्हणाली, "मूठ तुमची आहे, पण तिच्यात माझं बोट अडकलंय." मग मला काय झालं कोण जाणे. मी डुल्याचा कप्पा ओढला, म्हटलं बघ याच्याकडे, हा काय तपासण्या करत बसतो का? मजेत आहे ना? ठकी त्याच्याकडे बघत राहिली. तो मान वर करून हळूहळू उलटी करत होता, आढ्यात काहीतरी शोधल्यासारखा. ती म्हणाली, याची पिल्लं तुम्ही काढता, याला कुणी विचारलंय?

त्यावर मी म्हणालो, "एवढी भीती वाटते तर नका होऊ देऊ मूल."

उचलली जीभ लावली टाळ्याला. ती बाहेर गेली आणि पाच मिनिटांत दोघंही घरी गेले.

१८ मार्च

ठकीला फोन लावला. उचलला नाही.

२१ मार्च

ही माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते — भाजी आणा, गॅस संपला, दाराला तेल घाला. पण बोलत नाही. आज चहाच्या वेळी मीच चिडून म्हटलं, तुझंही ठकीसारखंच मत आहे का? सगळ्यांनी मिळून माझ्या रक्ताचा पंचनामा करायचा ठरवलंय का?

तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, "माझं मत कुणी विचारलंय? दादांचं कळल्यापासून मी रोज सकाळी तुमच्या कपबशीकडे बघते. वाजली की तो दिवस त्या आजाराचा. नाही वाजली की तेवढा दिवस माझा."

तीन वर्षं! समोर बसून, तोंडानं शेजारणीच्या गोष्टी सांगत सांगत! आणि मला वाटायचं, घरात हे फक्त माझ्याच डोक्यात आहे. आजची बशी वाजली होती का, हे तिला विचारायचं धाडस झालं नाही. दुकान उघडायचंय म्हणून उठलो.

२४ मार्च

दादाकडे गेलो. नेहमी महिन्यातून एकदा जातो, या वेळी दोन महिने टाळलं होतं. वहिनी दार उघडून "या भाऊजी" म्हणाल्या, आणि त्यातच सगळं आलं.

दादा खुर्चीत. हात, खांदे, मान — काही ना काही सतत हलतंय. कोणी अदृश्य माणूस त्याला गुदगुल्या करतोय असं वाटतं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस! अक्षराखालची लांबलचक रेघ तो एका दमात ओढायचा, दोरी नाही, पट्टी नाही, श्वास धरून. पहिली बिघडली ती ती रेघच. एका औषधवाल्यानं पाटी परत पाठवली, रेघ थरथरलीय म्हणून. दादा म्हणाला, ब्रश खराब. सहा महिने तो ब्रश बदलत होता.

आईचं आठवलं. तिची मान सारखी वरखाली व्हायची. तेव्हा कुणाला नाव माहीत नव्हतं, लोक म्हणायचे वात आहे, नसा आखडल्यात. आम्ही दोघं मात्र त्याचा पुरेपूर फायदा घ्यायचो. नदीवर जाऊ का? सर्कशीला जाऊ का? आईची मान हललीच — आई हो म्हणाली! आणि धूम. ती मागून ओरडायची, अरे मी नाही म्हटलं रे. आज दादाला याची आठवण करून दिली. इतका हसला की वहिनींना धरावं लागलं. हसता हसता मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

वहिनी त्याला भरवत होत्या तेव्हा कळलं की ठकी मागच्याच आठवड्यात येऊन गेली. एकटी. काकाला तिनं सरळ विचारलं म्हणे, आधी कळलं असतं तर काय केलं असतं? दादाला शब्द जुळवायला वेळ लागतो. तरी त्यानं तिला दिलेलं उत्तर मला पुन्हा सांगितलं, अडखळत, एकेक शब्द ओढत.

"बारीक अक्षरांची कामं... आधी उरकली असती."

मग घास गिळून म्हणाला, "मोठी अक्षरं काय... कशीही येतात."

घरी येईपर्यंत हेच डोक्यात.

२९ मार्च

अंडी ठीक. पेटीचं झाकण उघडून टॉर्च कडेनं लावून पाहिली. सहाहीत लाल शिरांचं जाळं. एकाला थोडी बुरशी धरतेय, पुसून काढली, बाकी छान. पेटीतले पांढरे दाणे, नर्सरीवाल्याकडून आणतो ते, थोडे कोरडे पडले होते, कडेनं पाणी सोडलं. खुणा सगळ्या वर.

त्या खुणांचं आता लिहूनच टाकतो. इथे माझ्याशिवाय कोण वाचतंय?

दादाचं निदान झालं तेव्हापासून प्रत्येक वेळी अंड्यावर रेघ मारताना मी अंड्याकडे बघत नाही, हाताकडे बघतो. ती माझी तपासणी. अंड्याचं कवच मऊ असतं, चामड्यासारखं, खाली टेकायला काही नाही, हात अधांतरी धरून हलकी रेघ ओढायची. जराही थरथर असेल तर लपत नाही. दुकानात हातांना सवय आहे, चिमटा आहे, भिंग आहे. तिथलं खरं नाही. इथलं खरं. दर वेळी रेघा सरळ येतात आणि मी मनात म्हणतो, पुढच्या अंड्यांपर्यंत सुटलो. दादाला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुरू झालं, मी त्रेपन्न. म्हणजे सुटलोच. असं म्हणत म्हणत इथवर आलो.

म्हणजे मीही तपासणी करतोच आहे. स्वतःची स्वतः, चोरून. आणि ठकीला मात्र करू देत नाही! हिची कपबशी, माझी पेन्सिल. पोरीनं तरी तिच्या घरात काय बघत बसावं?

३ एप्रिल

पेट्रोलपंपवाल्याचा पुन्हा फोन. सोडला का डुल्याला? मी डुल्याला बाहेर काढला, हातावर घेतला, सावकारिणीचा कप्पा अर्धा ओढलाही. डुल्या मनगटाला विळखा घालून मान वाकडी करून माझ्याकडे बघत होता. की बघत नव्हता, कोण जाणे, त्याची मान कुठे थांबेल हे त्यालाही माहीत नसतं. नाही सोडला. त्याच्या जागी परत ठेवला.

सावकारिणीचं पोट मात्र मधोमध चांगलंच फुगलंय. म्हणजे थंडीतलं काम झालेलं दिसतंय. साध्या नराचं असेल तर पिल्लं साधीच निघणार. त्यांना विचारायला कुणी येणार नाही. नसू दे.

७ एप्रिल

ठकीच्या घरी गेलो. न सांगता. जावयानं दार उघडलं आणि चपला घालून "जरा दूध आणतो" म्हणून बाहेर पडला. दूध ओट्यावर होतं. शहाणा पोरगा आहे.

ठकी कपडे वाळत घालत होती. मी पलीकडून एकेक चिमटा देत गेलो. ती लहान होती तेव्हा ती मला द्यायची. पाच-सहा कपडे झाल्यावर म्हटलं, कर तू तपासणी. मी त्या दिवशी जे बोललो ते तोंडातून गेलं, मनातलं नव्हतं. ती म्हणाली, मनातलं नव्हतं हे मला माहीत होतं, पण कानावर पडलं ना. बरोबर आहे. मी माफी मागितली. पोटच्या पोरीची माफी मागायला लाज वाटेल असं वाटलं होतं, वाटली नाही.

मग म्हटलं, मला मात्र तपासायचं नाही. ती म्हणाली, नका तपासू. पण माझ्यात निघाला तर तुमच्यापासून लपवता येणार नाही हो, माझं तोंड तुम्ही ओळखता. तेव्हा असं ठरलं — काहीही आलं तरी ती स्वतः दुकानात येऊन सांगेल. फोन नाही, निरोप नाही, जावयाला पाठवणं नाही.

परतताना जिन्यात जावई भेटला. हात रिकामे. त्यानं माझा हात दाबला.

१६ एप्रिल

रक्त दिलं तिनं. तीन-चार आठवडे लागतात म्हणे. ही सकाळपासून खिडक्या पुसतेय. त्या कालच पुसल्या होत्या.

२८ एप्रिल

दुकानात एका बाईंना दूरचा नंबर जवळच्या काचेत बसवून दिला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. बाई भल्या, हसल्या, म्हणाल्या, चष्मेवाल्यालाच चष्मा लागलेला दिसतोय. बदलून दिला. हाताचा दोष नव्हता तो, लक्षाचा होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

जीव टांगणीला लागलाय. पोरीच्या रक्ताच्या एका नळीत दोघांचं नशीब घालून कुणीतरी कुठल्यातरी फ्रीजमध्ये ठेवलंय. आणि खरं सांगायचं तर यातलं माझं मला फारसं जड नाही. जड आहे ते हे की तिच्यात निघालं तर ते मी दिलेलं असेल. नाक माझं, राग माझा, आणि हे.

४ मे

अंडी कालपासून बसकी झाली होती, आज पहिल्याला चीर पडली! पिल्लाच्या नाकाला एक बारीक दात असतो, फक्त कवच फाडण्यापुरता. चिरेतून एवढंसं नाक बाहेर, मग पुन्हा आत. घाई नाही. बाहेर डोकावायचं, परत आत जाऊन बसायचं, असं दीड-दोन दिवस चालतं. हिला दारातूनच ओरडून सांगितलं. ती दारापर्यंत आली, मान लांब करून म्हणाली, "कोणावर गेलंय?" सवयीनं विचारलं असणार. मी पेटीचं झाकण लावलं.

६ मे

सहाही बाहेर. तीन नक्षीची, तीन साधी. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं निम्मं-निम्मं. नक्षीतली दोन थोडी डोलतात, माहीत असलं तरच दिसेल. तिसरं मात्र — बुरशीच्या अंड्यातलं नव्हे, चांगल्या ठणठणीत अंड्यातलं — उलटं पडतं. मान उचलतं, ती गिरमिटासारखी फिरते आणि पाठीवर पडतं. मग तसंच पोट वर करून राहतं, चूक कुठे झाली हे समजत नसल्यासारखं.

याआधीही अशी निघालीत. तेव्हा "एखादं असायचंच" म्हणून पुढे गेलो. आज त्याला सरळ केलं, ते पडलं, पुन्हा सरळ केलं. किती वेळ बसलो होतो कोण जाणे, दुकान उघडायला उशीर झाला.

डुल्याची जोडी आता लावायची नाही. कायमचं. त्याला ठेवीन, खाऊ घालीन, त्याचा काय दोष? पण पिल्लं नाहीत. पेट्रोलपंपवाल्याला फोन करून सांगितलं. म्हणाला, एवढी देखणी नक्षी बंद करायची? मी म्हटलं, हो.

१५ मे

पिल्लांनी पहिली कात टाकली. आज पहिला घास. पाच जणांनी झडप घालून उंदराची पिल्लं घेतली. सहाव्यानं, त्या उलट्या पडणाऱ्यानं, झडप घातली ती कप्प्याच्या भिंतीवर. पुन्हा घातली, स्वतःच्याच अंगावर. भूक आहे, हिंमत आहे, नेम नाही. चिमट्यानं त्याच्या तोंडाशी नेलं तर मान भलतीकडे गेली. दमलं आणि चेंडू होऊन बसलं.

दादाला वहिनी भरवतात ते आठवलं. त्या घास घेऊन थांबतात, मान फिरत फिरत समोर आली की तेवढ्यात देतात. उद्या तसं करून बघतो.

१७ मे

ठकी दुकानात आली.

मी एका फ्रेमची दांडी तापवून वाकवत होतो, गिऱ्हाईक समोर बसलेलं. तिला दारात पाहिलं आणि तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवून दांडीकडेच बघत राहिलो. गिऱ्हाईक गेलं. ती आरशासमोरच्या खुर्चीत बसली. लहानपणी सुट्टीत यायची तेव्हा बसायची तशीच. मांडणीतून एक फ्रेम काढून घातली, ठेवली. दुसरी घातली, ठेवली. मी काउंटर धरून उभा होतो. मग तिनं अगदी खालच्या रांगेतली, जाड तपकिरी, म्हाताऱ्या बायका घेतात ती फ्रेम काढली. नाकावर ठेवली, आरशात बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

"बाबा, मी म्हातारी झाले की मला हीच द्यायची."

मला कळायला वेळ लागला. मग कळलं. काउंटरला वळसा घालून कसा आलो आठवत नाही. तिच्यात नाही! ठकीत नाही, तिच्या मुलाबाळांत येणार नाही, आईपासून आलेली ती दोरी ठकीपाशी तुटली. दोघंही रडत होतो, ती जाड चष्मा घालून. कोणी गिऱ्हाईक दारातून डोकावून परत गेलं.

ती निघताना म्हणाली, तुमचं काही कळलं नाही हं यातून. मी म्हटलं, मला शिकवतेस? पिल्लू साधं निघालं म्हणून बाप साधा ठरत नाही, हे मी पंधरा माणसांना समजावलंय. पण आज कोण बघतंय तिकडे!

फ्रेम बाजूला काढून ठेवली आहे. विकायची नाही.

१८ मे

हिनं आज चहा घेताना माझ्या बशीकडे बघितलं नाही. डोळे मिटून चहा प्याली. मी विचारलं झोप येतेय का, तर म्हणाली, नाही, आज सुट्टी घेतलीय.

२० मे

सहाव्यानं खाल्लं! वहिनींची युक्ती. चिमटा स्थिर धरून थांबलो, मान गरगर फिरत समोर आली की तेवढ्यात. चौथ्या खेपेला धरलं आणि सोडलं नाही. हे कुणाला द्यायचं नाही. आपल्याकडेच राहील. नाव अजून ठेवलेलं नाही.

ठकीचा फोन होता. गाणं गुणगुणत बोलत होती.

२६ मे

सावकारिणीनं अंडी घातली. सात. बाप साधा, आई साधी, पिल्लं साधी निघणार. ही दारात उभी राहून बघत होती. तिच्या तोंडावर फडकं टाकलं — सावकारिणीच्या — वेढे सोडवले, पेन्सिल घेतली. पहिली रेघ मारली. दुसरी मारली. तिसरी मारून हात थांबवला.

तिन्ही वाकड्या आल्या होत्या. पेन्सिल बदलून चौथी मारली. तीही.

दादानंही ब्रशच बदलला होता. मग शेजारी साडीची सळसळ झाली. ही उंबरा ओलांडून आत आली होती. खाली बसली, माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि विचारलं, "वरची बाजू हीच ना?"

उरलेल्या तीन रेघा तिनं मारल्या. सरळ आल्या.